चार अणूंची चांदी

कल्याणहून कर्जत लोकल धरली की बदलापूरनंतरचं स्टेशन वांगणी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या गावात ढाली, तलवारी, भाले घेतलेली बरीच माणसं एकदम उतरली. गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर. पाटलाकडे वर्दी गेली, फौजदार आला आणि सगळे अडकले. तलवारी लाकडाच्या होत्या. माणसं दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची होती, बाहेरची दृश्यं घ्यायला आलेली. फाळके मागाहून पोचले, पण हे प्रकरण फौजदाराला तोंडी सांगून पटेना. शेवटी त्यांनी कॅमेरा उभा केला, नटांना जागा नेमून दिल्या आणि हँडल फिरवत एक प्रसंग घेऊन दाखवला. फौजदाराचं समाधान झालं, मंडळी सुटली. फाळक्यांच्या चरित्रात हा किस्सा सांगतात आणि त्यासोबत एक बारीक तपशीलही सांगतात: त्या वेळी कॅमेऱ्यात फिल्म भरलेलीच नव्हती.

मला त्या किश्श्यातला हा शेवटचा तपशीलच सगळ्यात जास्त आवडतो. हँडल फिरलं, यंत्राची घरघर झाली, हरिश्चंद्र-तारामती उन्हात उभे राहिले आणि जगात त्याची कुठेही नोंद झाली नाही. फिल्मचा कॅमेरा काही बघत नाही, काही लक्षात ठेवत नाही. तो काळोख सांभाळतो आणि सांगितलेल्या क्षणापुरती त्या काळोखाला फट पाडतो, एवढंच त्याचं काम. बाकी सगळा चमत्कार आत गुंडाळलेल्या रोलवर घडतो.

ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात कितीतरी घरांच्या माळ्यावर, गोदरेजच्या कपाटाच्या तळाशी, जुन्या लोकरीच्या स्वेटरांखाली असा एखादा कॅमेरा पडून असतो. आजोबांनी हप्त्याने घेतलेला, काकांनी गल्फहून आणलेला, आईला लग्नात मिळालेला. मुलं तो काढतात, हाताळतात आणि विचारतात, अजून चालतो का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं आणि त्यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. तुमच्या फोनमधला सेन्सर फोन बनला त्या दिवशी जसा होता तसाच शेवटपर्यंत राहतो, म्हणून फोन चार-पाच वर्षांत जुना वाटायला लागतो. १९६०-७०च्या दशकातल्या कॅमेऱ्यात आज या वर्षी बनलेला रोल भरला, तर त्याचा प्रकाश टिपणारा पडदा या वर्षीचा असतो. पुढच्या रोलला आणखी नवा. डबा जुना, डोळा दर छत्तीस फोटोंनी नवा कोरा.

तो रोलही सरळ फाळक्यांच्या घराण्यातला आहे. एडिसनकडे काम करणाऱ्या डिक्सनने १८९२च्या सुमारास ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोकं असलेली फिल्म रूढ केली. सिनेमाच्या प्रत्येक चौकटीला एका कडेला चार भोकं. फाळक्यांनी १९१२ साली इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणला, त्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कोरी फिल्म बिनभोकांची यायची. ही भोकं पाडायला फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. दिवसा युनिटच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री अंधारात, केवळ स्पर्शाच्या भरवशावर, फिल्मला भोकं. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला लागला.

नेमक्या त्याच सुमारास, १९१३-१४मध्ये, जर्मनीतल्या वेट्झलर गावी ऑस्कर बार्नाक नावाचा एक तंत्रज्ञ सिनेमाची हीच फिल्म आडवी करून एका चिमुकल्या कॅमेऱ्यात भरत होता. सिनेमाच्या दोन चौकटींची त्याने एक केली: २४ गुणिले ३६ मिलिमीटर, चारऐवजी आठ भोकं. तो नमुना १९२५ साली लायका म्हणून बाजारात आला आणि त्याची चौकट जगाने उचलली. आज महागड्या डिजिटल कॅमेऱ्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात तेव्हा मोजमाप तेच असतं, २४ बाय ३६. माळ्यावरच्या यशिकात किंवा पेंटॅक्समध्ये रोल भरताना दातेरी चाक ज्या भोकांत अडकतं, त्या जातीची भोकं सरस्वतीबाई हाताने पाडत होत्या.

आता रोलच्या आत शिरू या.

पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षाराचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, स्फटिक विखुरलेले असतात. स्फटिक इतके बारीक की साधारण मायक्रॉनच्या आगेमागे. एकात चांदीचे अब्जावधी अणू, पण ते ब्रोमीनशी बांधलेले. शटर उघडतं आणि ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या पाण्यावरून उडालेला प्रकाश भिंगातून येऊन या स्फटिकांवर पडतो. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, एका इलेक्ट्रॉनला सुटा करतो. तो इलेक्ट्रॉन स्फटिकात भरकटतो आणि एखाद्या दोषाच्या जागी, सूक्ष्म डागापाशी, अडकतो. त्याच्या ओढीने चांदीचा एक भारित कण तिथे सरकतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि चांदीचा खरा अणू बनतो. एक अणू. हा एकटा अणू फार टिकत नाही, काही सेकंदांत पुन्हा विरघळतो. पण तेवढ्यात दुसरा फोटॉन आला, दुसरा अणू शेजारी बसला, मग तिसरा, चौथा, तर ती चौकडी पक्की होते. अब्जावधींतल्या या तीन-चार अणूंमुळे त्या स्फटिकाचं भवितव्य बदलतं. ब्रिस्टलच्या गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ साली ही यंत्रणा मांडली, आणि त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं लोक ती कशी चालते हे न कळता फोटो काढत होते.

रात्री तलावपाळीवर दिव्यांचे फोटो काढणाऱ्याला या एकट्या अणूशी थेट गाठ पडते. प्रकाश मोजणारं मीटर सांगतं दहा सेकंद, तुम्ही दहा सेकंद शटर उघडं ठेवता आणि फोटो काळपट येतो. कारण मंद प्रकाशात फोटॉन इतक्या सावकाश येतात की दुसरा पोचेपर्यंत पहिल्याची कमाई विरघळून गेलेली असते. म्हणून फिल्मवर रात्री मीटरपेक्षा बराच जास्त वेळ द्यावा लागतो. दहा सेकंदांच्या जागी वीस, कधी तीस.

तो सूक्ष्म डाग कुठून येतो, याची कथा तर स्वयंपाकघरातून जाते. जिलेटिन बनतं जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून. १९२०च्या दशकात कोडॅकच्या लोकांना दिसलं की जिलेटिनच्या काही घाण्यांची फिल्म चांगली संवेदनशील होते आणि काहींची मंद, आणि फरक कशाने पडतो ते कळेना. सॅम्युएल शेपर्ड नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९२५च्या सुमारास तो शोधला. जनावरांच्या चाऱ्यात मोहरीच्या कुळातल्या वनस्पती असल्या की त्यातली गंधकयुक्त द्रव्यं अंशरूपाने जिलेटिनपर्यंत पोचत. ती स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे बारीक डाग पाडत आणि याच डागांपाशी इलेक्ट्रॉन अडकत. त्यातलं मुख्य द्रव्य तेच, जे मोहरी फेसताना नाकात चढून डोळ्यांतून पाणी काढतं. तेव्हापासून कारखान्यात गंधक मोजून घालतात, गाईच्या आहारावर कोणी अवलंबून नसतं. पण जिलेटिनवरच्या फोटोग्राफीची पहिली काही दशकं थोडीफार मोहरीच्या मेहरबानीवर चालली, हे वाचल्यापासून मला लोणच्याच्या बरणीबद्दल वेगळाच आदर वाटतो.

तर शटर मिटलं. आत काय आहे? बघायला गेलात तर काहीच नाही. फिल्म तशीच फिकट, कोरी दिसते. चित्र आहे, पण स्फटिकागणिक चार अणूंचं. ते दिसण्यासाठी रोल धुवावा लागतो. डेव्हलपर नावाचं रसायन प्रत्येक स्फटिकाला इलेक्ट्रॉन देऊ करतं, आणि ज्या स्फटिकावर ती चौकडी बसली आहे तिथेच ते इलेक्ट्रॉन आत शिरू शकतात. मग पूर्ण स्फटिक, अब्जावधी अणूंसकट, चांदी होऊन जातो. भांडंभर दुधाला चमचाभर विरजण लागतं आणि सकाळपर्यंत सगळं दही होतं, तशी ही चार अणूंची चांदी अख्ख्या स्फटिकाला लागते. ज्याला विरजण लागलं नाही तो तसाच राहतो, आणि त्याला हायपो नावाच्या रसायनाने विरघळवून काढून टाकतात. हायपोचा गुण जॉन हर्शेलने १८१९ सालीच नोंदवून ठेवला होता. १८३९मध्ये फोटोग्राफी जाहीर झाली तेव्हा त्याला आपली जुनी नोंद आठवली. डेव्हलपरमधली ही वाढ साधारण अब्जपट असते. प्रकाशाने चिमूटभर केलं, उरलेलं रसायनाने पुरं केलं.

रंगीत रोलमध्ये गोष्ट आणखी पुढे जाते. तिथे निळ्या, हिरव्या, लाल प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात, सगळे मिळून डझनभर किंवा अधिक. चांदी तयार होता होता शेजारी रंगद्रव्यं तयार होतात आणि मग ब्लीच करून चांदी पूर्ण काढून टाकतात. तुमच्या मुंजीच्या रंगीत निगेटिव्हमध्ये आज चांदीचा कणही नाही. ती आली, रंगांना जागेवर बसवून गेली. ही धुतलेली चांदी हायपोत उतरते; स्टुडिओवाले आणि एक्स-रेवाले वापरलेला हायपो फेकत नसत, त्यातून चांदी काढणारे तो विकत घेत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जगभर वापरल्या जाणाऱ्या चांदीतला सुमारे चौथा हिस्सा फोटोंसाठी खर्ची पडत होता.

आणि न धुतलेला रोल? ते अणू तसेच बसून राहतात. १८९७ साली स्वीडनचा सालोमन आंद्रे फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि दोन सोबत्यांसह बर्फात संपला. १९३० साली त्यांचे अवशेष एका बेटावर सापडले, कॅमेरा आणि रोलही. तेहतीस वर्षं बर्फात पडलेल्या त्या फिल्म स्टॉकहोमला धुतल्या आणि ९३ चित्रं निघाली: कोसळलेला फुगा, बाजूला उभी माणसं. डोंबिवलीच्या माळ्यावर ध्रुवाची थंडी नाही, मे महिन्यात तिथे पापड वाळतील. उष्णतेने चित्रावर धुकं चढतं, रंग घसरतात. तरीही वीस-पंचवीस वर्षांच्या रोलवर काहीतरी उरलेलं असण्याची शक्यता बरी असते, विशेषतः कृष्णधवल असेल तर.

आपल्याकडच्या घरांत कोणते कॅमेरे सापडतात? सगळ्यात प्रेमळ म्हणजे ॲग्फा क्लिक ३. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो इथेच बनवला. १२० नंबरचा रोल, त्यावर सहा सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो, भिंग साधं, शटरचा वेग एकच. मीटर नाही, बॅटरी नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. मागच्या लाल खिडकीतून रोलच्या कागदावर छापलेला आकडा बघत चावी फिरवायची. अशा डब्बा कॅमेऱ्यात चावी फिरवायला विसरलं की एकाच चौकटीवर दोन फोटो बसायचे. मग राणीच्या बागेतल्या हत्तीच्या पोटात आत्याबाई उभ्या दिसायच्या. नंतर आला हॉट शॉट, ११० नंबरच्या प्लॅस्टिक डबीचा, ज्याची चौकट नखापेक्षा फार मोठी नव्हती. नव्वदीत कोडॅकचा केबी १० आणि यशिकाचे सोपे फ्लॅशवाले कॅमेरे लग्नाच्या आहेरात फिरू लागले. शौकीन मंडळींकडे रशियन झेनिट किंवा पेंटॅक्स के-१०००. आणि ‘इंदू’ नावाचा रोल आठवतो का? तो सरकारी होता. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० साली स्थापन झाली, उटीच्या थंड, धूळविरहित हवेत कारखाना उभा राहिला आणि १९६७पासून तिथे फिल्म बनू लागली. तो कारखाना आता बंद आहे. आज आपल्याकडे मिळणारा जवळजवळ प्रत्येक रोल परदेशातून येतो आणि किंमतही तशीच असते. ३६चा रंगीत रोल हजाराच्या आसपास, धुणं आणि स्कॅनिंग वेगळं. एका फोटोला साधारण चाळीस रुपये धरून चाला.

हे चाळीस रुपये वाया जाऊ नयेत म्हणून जुन्या लोकांकडे एक फुकटचं मीटर होतं: ऊन. लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र १६वर ठेवा आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओच्या, म्हणजे संवेदनशीलतेच्या आकड्याच्या, जवळ. १०० आयएसओचा रोल असेल तर सेकंदाचा सव्वाशेवा भाग, ४००चा असेल तर पाचशेवा. हा नियम युरोपात अर्धं वर्ष ढगांत जातो. ठाण्यात नोव्हेंबर ते मे तो घड्याळासारखा भरवशाचा. दुर्गाडी किल्ल्यावर दुपारी १६. मोठागावच्या खाडीकाठी विरळ ढग आले की ११. पाडव्याच्या सकाळी डोंबिवलीची स्वागतयात्रा फडके रोडच्या इमारतींच्या सावलीतून जाते, तिथे ५.६. या यात्रेची प्रथा डोंबिवलीतच सुरू झाली आणि मग ती राज्यभर पसरली, तेव्हा निदान एक रोल तिच्यावर खर्च करायला हरकत नाही. जुलैत आभाळ गच्च भरलं की ४ आणि छत्री धरायला दुसरा माणूस.

रोल घरी धुणाऱ्यांची मात्र इथे गंमत होते. कृष्णधवल डेव्हलपरच्या पुड्यावर लिहिलेलं असतं, तापमान २० अंश सेल्सिअस. कल्याण-डोंबिवलीच्या गच्चीवरच्या टाकीतून २० अंशांचं पाणी क्वचितच येतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी नळ उघडला तर हात पोळतो. पाणी गरम असलं की डेव्हलपर धसमुसळेपणा करतो आणि जिलेटिन फुगून मऊ पडतं. अशा फुगलेल्या थरावर एकदम थंड पाणी ओतलं तर त्याला जाळीदार सुरकुत्या पडतात आणि फोटोतला चेहरा भेगाळल्यासारखा दिसतो. म्हणून आपल्याकडे डार्करूममध्ये बर्फ लागतो. पिशवीत बांधलेला बर्फाचा खडा पातेल्यात फिरवत, तापमापीवर डोळा ठेवून २० अंश गाठायचे. उलट रंगीत रोलची जगमान्य पद्धत आहे सी-४१, तिला लागतात ३८ अंश आणि डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं. लंडनचा माणूस त्यासाठी विजेचा तापक घेतो. आपल्याला मे महिन्यात बादलीतलं पाणीच जवळपास तयार मिळतं. एकाच शहरात एका रोलसाठी बर्फ आणि दुसऱ्यासाठी ऊन, हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं.

रोल टाकीत भरायचा तो ठार अंधारात. डार्करूम नसली तरी रात्री बाथरूमच्या दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून भागतं, किंवा बाह्या असलेली काळी पिशवी मिळते. एकदा टाकीचं झाकण लागलं की पुढचं काम ओट्यावर, उजेडात. डेव्हलपर विकतच घ्यायला हवा असंही नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी आणि धुण्याच्या सोड्यात फिल्म धुऊन दाखवली. कॉफीतली काही आम्लं डेव्हलपरचं काम करतात आणि सोडा त्यांना हवा तो क्षारपणा देतो. पुढे लोकांनी त्यात जीवनसत्त्व क घातलं, काम लवकर होऊ लागलं. वास मात्र असा येतो की घरचे विचारतात, काय मेलंय का. कॉफी साधीच घ्या, चांगल्या फिल्टर कॉफीचा असा अपमान करू नये. आणि हायपो तेवढा खरा आणावा लागतो, त्याला स्वयंपाकघरात चांगला पर्याय नाही.

कॅमेऱ्याचा आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. खाडीकाठची हवा, जूनपासून चार महिने भिंतींनाही ओल. साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आर्द्रता राहिली की भिंगावर बुरशी धरते. उजेडाकडे धरून पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ती भिंगावरच्या लेपात घुसते आणि कधी कधी काचेवर कायमचे ओरखडे ठेवते. यातला दैवदुर्विलास असा की ज्यांनी कॅमेरा फार जपला त्यांचा आधी गेला. त्यांनी तो चामड्याच्या मूळ केसमध्ये, गुंड्या लावून, कपाटात ठेवला. चामडं ओल शोषतं आणि धरून ठेवतं, बुरशीला याहून सुखाचं घर नाही. केस वेगळी ठेवा, कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा. वापरातल्या भिंगाला बुरशी फारशी धरत नाही.

बाकीच्या दुखण्यांवर औषधं स्वस्त आहेत. मागच्या झाकणाच्या खाचेत प्रकाश अडवणारा फोम असतो, तो पन्नास वर्षांनी काळ्या चिकट डांबरासारखा होतो. स्पिरिटने पुसून त्या जागी काळी लोकर दाबून बसवली तरी चालतं. जुन्या कॅमेऱ्यांच्या मीटरला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती पाऱ्यामुळे बंद झाली. तिच्या जागी कानाच्या यंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी बसते, १.४ व्होल्टची, फरक नगण्य. ती कॅमेऱ्याच्या दुकानात मागू नका, मेडिकलमध्ये मागा. शटरची पाकळी अडकली, गिअर झिजला तर मात्र कारागीर शोधावा लागतो आणि त्यासाठी अजूनही फास्ट लोकलने सीएसएमटी गाठून फोर्टच्या बोरा बाजारात चौकशी करणं हाच सरळ मार्ग आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? फिल्मचा फोटो ‘जास्त खरा’ असतो, फिल्म माणसाला संयम शिकवते, असं हल्ली फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. छत्तीस वाईट फोटो संयमानेही काढता येतात आणि रात्रीच्या रिक्षा स्टँडवर फोन कुठल्याही फिल्मच्या पुढे आहे. शिवाय रोल धुऊन स्कॅन करून फोनवरच पाहायचा असेल तर शेवटी ते पिक्सेलच. पण फिल्मवर एक गोष्ट घडते ती दुसरीकडे घडत नाही. समोरच्या माणसाच्या गालावरून निघालेला प्रकाश ज्या पट्टीवर पडला तीच पट्टी तुमच्या हातात येते. ती प्रत किंवा आकड्यांची नोंद नसते. तिच्यातले स्फटिक वाटेल तसे विखुरलेले असतात, पिक्सेलसारखे रांगेत नसतात, म्हणून कोणत्याही दोन चौकटींची वीण कधी सारखी नसते. हे कळल्यावर मला निगेटिव्ह हातात घेताना बोटं पुसावीशी वाटतात.

आणि ती टिकते. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेली यमुना जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई, हिचा सगळ्यांनी पाहिलेला फोटो १० ऑक्टोबर १८८५ला फिलाडेल्फियात काढलेला आहे. वुमन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली. दीड वर्षाच्या आत आनंदीबाई गेल्या. जॉर्ज ईस्टमनचा घरोघरी पोचलेला कोडॅक कॅमेरा तर १८८८चा, त्याहीनंतरचा. त्या स्टुडिओतल्या काही क्षणांच्या प्रकाशाने चांदीवर जे केलं ते फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात अजून आहे. १८८५ सालची कुठलीही आकड्यांतली फाइल सांभाळायची असती तर आजवर तिची किती स्थलांतरं करावी लागली असती, याचा विचार करा.

कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, एका फोटोला तेवीस सेकंद घेणारा, कॅसेटवर नोंदवणारा. त्याच लाटेत कोडॅक जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीत गेली. मग वारं थोडं उलटं फिरलं. बंद केलेला एक्टाक्रोम रोल २०१८ला परत आला. २०२३च्या अखेरीस इंग्लंडच्या हार्मनने नवा रंगीत रोल काढला आणि २०२४ला पेंटॅक्सने नवा कोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, जो एका रोलवर ७२ फोटो घेतो. हा मोठा बाजार नाही, पण कारखान्यांनी रोल बनवत राहण्याइतका आहे. तुमच्या माळ्यावरच्या कॅमेऱ्याला तेवढं पुरेसं आहे.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत दोन कामं करा. अल्बम काढताना बटर पेपरच्या आड किंवा मागच्या खिशात निगेटिव्हच्या पट्ट्या असतील, त्या भंगारात देऊ नका. कागदावरच्या फोटोपेक्षा त्यांत जास्त तपशील आहे. टॅबलेटवर पांढरा पडदा उजळून त्यावर पट्टी धरली आणि फोनने जवळून फोटो काढून रंग उलटे केले तरी ओळखीचे चेहरे समोर येतात. आणि कॅमेरा सापडला तर आधी मागचं झाकण उघडू नका. ३५ मिलिमीटरचा, हाताने रोल गुंडाळायचा कॅमेरा असेल तर वर डाव्या हाताला त्यासाठी चकती असते, ती बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. सैल फिरली तर कॅमेरा बहुधा रिकामा आहे. ताण लागला तर आत कोणीतरी काढलेला, न धुतलेला रोल आहे. झाकण बंदच राहू द्या, काळ्या पिशवीत रोल काढून देणारा माणूस गाठा आणि रोल किती जुना असेल ते त्याला आधी सांगा.